पाहुणा शिक्षक परतल्यानंतरचे अकरा आठवडे: रवांडातील सोनोग्राफी प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

रवांडाच्या पूर्व प्रांतातल्या र्विंक्वावू आणि किरेहे या दोन ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना २००८ साली खाटेजवळ स्वतःच्या हाताने सोनोग्राफी करायला शिकवले गेले. शिकवणारे अमेरिकेतून आले होते. दोन्ही रुग्णालयांना ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या संस्थेचे पाठबळ होते. ही संस्था रवांडात २००५ पासून ‘इन्शुती मु बुझिमा’ या नावाने काम करते. या कामाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या काळात ३४५ तपासण्यांची नोंद झाली, आणि शिक्षक परत गेल्यानंतरच्या ११ आठवड्यांत स्थानिकांनी २४५ तपासण्या केल्या. जागतिक आरोग्यात उतरू पाहणाऱ्या रुग्णालयीन फिजिशियनने या प्रकरणातला एकच आकडा लक्षात ठेवायचा, तर तो हा २४५ चा.

एरवी अशा दौऱ्यांच्या अहवालांत किती जणांना शिकवले, किती प्रमाणपत्रे वाटली, शिबिराआधी आणि नंतर परीक्षेत किती गुण पडले, एवढेच सापडते. पाहुणे गेल्यावर यंत्र चालत राहिले की कपाटात गेले, हे फारसे कोणी लिहीत नाही. इथे ते मोजले गेले, कारण मोजणीची तयारी आधीपासून होती. आणि मोजण्यासारखे काही उरले, कारण काय शिकवायचे ते अमेरिकेत बसून ठरवले नव्हते.

यादी कशी ठरली

अमेरिकेत खाटेजवळची सोनोग्राफी आधी रुजली ती आपत्कालीन विभागात. तिथे सुरुवातीलाच शिकवली जाते ती अपघातग्रस्ताच्या पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचले आहे का, हे पाहणारी तपासणी. तोच क्रम उचलून रवांडात नेणे सोपे होते. त्याऐवजी स्थानिक डॉक्टरांना आधी लेखी विचारले गेले, की कोणती तपासणी तुम्हाला महत्त्वाची वाटते? मग रुग्णालयाच्या नोंदी चाळून कोणत्या तक्रारी आणि कोणते आजार किती येतात ते पाहिले. यालाच तिसरा निकष जोडला गेला तो उपलब्ध उपचारांचा: निदान झाले, तर त्यावर करण्यासारखे इथे काही आहे का?

तिन्हींत हा शेवटचा निकष सर्वांत कामाचा, आणि सर्वांत जास्त विसरला जाणाराही. पोटातल्या महाधमनीचा फुगा शोधायला शिकवणे कठीण नाही. पण रक्तवाहिन्यांचा सर्जन शेकडो किलोमीटरवर असेल, तर त्या निदानाने रुग्णाच्या पदरात काय पडते? याउलट वार गर्भाशयाच्या तोंडावर आहे हे कळले, तर सिझेरियन त्याच इमारतीत होऊ शकते. निकालही तसाच लागला. सर्वाधिक वापर प्रसूतीसाठी झाला. गर्भाचे वय, डोक्याची स्थिती आणि वारेची जागा या सर्वांत जास्त नोंदल्या गेलेल्या गोष्टी. त्याखेरीज पोट, हृदय, मूत्रपिंड, छातीतले पाणी, रक्तवाहिन्या, आणि सुई घालताना मार्गदर्शन यांसाठीही यंत्र वापरले गेले. तपासलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांच्या बाबतीत पुढची योजना बदलली, आणि सर्वांत जास्त वेळा झालेला बदल म्हणजे शस्त्रक्रिया करायचे ठरले.

फिजिशियनसाठी हा निकाल थोडा अडचणीचा आहे. त्याचा हात हृदय आणि फुफ्फुसांवर बसलेला असतो. गर्भवतीच्या पोटावर त्याने निवासी डॉक्टर झाल्यापासून प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवलेलाच नसतो. अशा वेळी दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: जाण्याआधी स्त्रीरोग विभागात काही महिने रीतसर हात तयार करायचा, नाहीतर स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्याला सोबत न्यायचे. ‘आपल्याला येते ते शिकवू’ हा तिसरा मार्ग सर्रास घेतला जातो, आणि मग वॉर्डाच्या गरजेशी मेळ नसलेला अभ्यासक्रम उभा राहतो.

प्रसूतीकक्षातले तीन प्रश्न

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला गर्भाचे व्यंग शोधायला शिकवायचे नसते. तीन प्रश्नांची उत्तरे खात्रीने देता आली तरी पुष्कळ झाले.

पहिला, डोके खाली आहे का? प्रोब जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) लगेच वर आडवा ठेवायचा. कवटीचा चकचकीत गोल दिसला तर डोके खाली. तो तिथे नसेल, तर प्रोब वर सरकवत बरगड्यांखाली शोधायचा. दोन मिनिटांचे काम, आणि अगदी नवख्यालाही पहिल्याच दिवशी जमते. म्हणून सुरुवात इथूनच करावी. विद्यार्थ्याला यंत्राची भीती राहत नाही.

दुसरा, वार कुठे आहे? इथे मूत्राशय फसवतो. तो तुडुंब भरलेला असेल तर गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वर असलेली वारही तोंडावर आल्यासारखी दिसते. लघवी करायला लावून पुन्हा पाहिल्याशिवाय ‘वार खाली’ असे केसपेपरवर लिहायचे नाही. गर्भ लहान असताना खाली दिसलेली वार पुष्कळदा गर्भाशय वाढते तशी वर जाते, त्यामुळे मध्यावर दिसलेल्या खालच्या वारेसाठी ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा तपासणी लागते. शेवटच्या महिन्यांत रक्तस्राव होत असलेल्या बाईला बोटाने आतून तपासण्याआधी प्रोब लावायचाच. वार तोंडावर असताना बोट घातले तर काही क्षणांत रक्ताचे लोट सुटतात.

तिसरा, गर्भ किती आठवड्यांचा आहे? सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यांचे कारण हातात नसते, गणितात असते. पहिल्या तिमाहीत डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. शेवटच्या तिमाहीत डोक्याची रुंदी आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून काढलेले वय तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. पहिलीच तपासणी ३४ व्या आठवड्यात होत असेल आणि यंत्र ३२ दाखवत असेल, तर पाळीची तारीख खोडायची नाही. नव्या डॉक्टरला पडद्यावरचा आकडा पाळीच्या तारखेपेक्षा खरा वाटतो. मग दिवस भरलेले नसताना सिझेरियन होते, नाहीतर दिवस उलटून गेलेली बाई घरी पाठवली जाते. डोके मोजताना मेंदूची मधली रेषा आडवी आणि सरळ दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंचे थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले गोलसर भाग) दिसले पाहिजेत, आणि मापाचे एक टोक जवळच्या कवटीच्या बाहेरच्या कडेवर, तर दुसरे पलीकडच्या कवटीच्या आतल्या कडेवर हवे. हे चित्र भिंतीवर लावलेले असावे. व्याख्यानात सांगितलेले रात्रीच्या ड्यूटीत आठवत नाही.

दम लागलेला रुग्ण

फिजिशियनचे खरे क्षेत्र हे. पाय सुजलेली, उताणे झोपता न येणारी तरुण बाई वॉर्डात येते. स्टेथोस्कोपने हृदयाचे बिघडले आहे एवढे कळते. पण झडप अरुंद झाली आहे, की स्नायू कमजोर झाला आहे, की हृदयाभोवती पाणी साचले आहे, यावर औषध ठरते, आणि तीनही ठिकाणी ते वेगळे आहे. हृदयाभोवती पाणी साचून दाब पडला असेल आणि सूज पाहून लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा मारा केला, तर रक्तदाब कोसळतो. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद असेल तर नाडी सावकाश करणे हा उपचाराचा गाभा. स्नायू कमजोर असेल तर एनॅलाप्रिलसारखी औषधे उपयोगी. मात्र ती गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे या वयाच्या बाईशी संततिनियमनाचे बोलणे त्याच बैठकीत व्हावे लागते.

रवांडात याच जिल्हा रुग्णालयांच्या असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये परिचारिकांनाही सोपी केलेली हृदय-तपासणी शिकवली गेली, आणि तिचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयतज्ज्ञाची अनेक मापे गाळून मोजके प्रश्न ठेवले: डावा कप्पा नीट आकुंचन पावतो का, मायट्रल झडप उघडते का, हृदयाभोवती पाणी आहे का. त्यावरून रुग्णाचा गट ठरतो आणि गटावरून औषधांची यादी. हा विचार पुढे ‘पेन-प्लस’ (गंभीर असंसर्गजन्य आजारांची सेवा जिल्हा रुग्णालयांत देण्याची पद्धत) या नावाने वाढला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागाने तो धोरण म्हणून स्वीकारला.

या तपासणीची एक पायरी जवळून पाहू. रुग्ण डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. प्रोब उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला, तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीच्या फटीत. चित्र शरीरात किती खोलवर पोचते ती खोली आधी १६ सेंटिमीटरच्या आसपास ठेवायची. हृदयामागची महाधमनी दिसली पाहिजे. हृदयाभोवतीचे पाणी त्या महाधमनीच्या पुढे येते, फुफ्फुसाभोवतीचे पाणी तिच्या मागे राहते. खोली कमी ठेवून सुंदर मोठे चित्र काढणाऱ्याला हा फरक दिसतच नाही, आणि छातीतले पाणी हृदयाभोवतीचे म्हणून नोंदले जाते. मग मायट्रल झडपेची पुढची पाकळी पाहायची. प्रत्येक ठोक्याला ती हृदयाच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या पडद्याला जवळपास टेकत असेल, तर डाव्या कप्प्याची ताकद बहुधा ठीक. त्यांच्यातले अंतर ७ मिलिमीटरपेक्षा जास्त राहत असेल तर संशय घ्यायचा. पण पाकळी हॉकीच्या काठीसारखी वाकून अडकलेली दिसली, तर हा नियम लागूच होत नाही. तिथे अंतर वाढले आहे ते झडप उघडत नाही म्हणून. झडपा खराब करणारा रुमॅटिक हृदयविकार जिथे आजही तरुणांना गाठतो, तिथे ही सूचना नियमासोबतच द्यावी लागते. अमेरिकेतल्या वर्गात ती क्वचितच मिळते, कारण तिथे असा रुग्ण क्वचित दिसतो.

छातीतल्या पाण्यासाठी प्रोब काखेच्या मागच्या रेषेत, यकृत किंवा प्लीहा आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) एका चित्रात येईल असा धरायचा. एरवी श्वासपटलाच्या वर पाठीचा कणा दिसत नाही, कारण हवा भरलेले फुफ्फुस ध्वनी अडवते. तो दिसू लागला तर मध्ये पाणी आहे. पाण्याची खोली १ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सुई घालायची नाही. जागेवर खूण केल्यावर रुग्णाने बसण्याची ढब बदलली, तर ती खूण रद्द समजायची. क्षय आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या भागात याच्या जोडीला पोटातल्या दीड सेंटिमीटरपेक्षा मोठ्या लसीका-गाठी आणि प्लीहेतले बारीक काळे ठिपके पाहण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या कामातून आली. २०१० पासून ती ‘फॅश’ या नावाने ओळखली जाते. तिने क्षय सिद्ध होत नाही, पण थुंकी न निघणाऱ्या, खंगत चाललेल्या रुग्णाला उपचार सुरू करण्याचा आधार मिळतो.

दोन शिक्षक दोन विभागांतून आले, की एक गोंधळ ठरलेला. पोट आणि प्रसूतीच्या तपासणीत यंत्राच्या पडद्यावरची दिशा दाखवणारी खूण डावीकडे असते, हृदयतज्ज्ञांच्या पद्धतीत ती उजवीकडे. त्यामुळे हृदयाच्या एकाच चित्रासाठी एक शिक्षक प्रोबची खूण रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे धरायला सांगतो, दुसरा डाव्या कंबरेकडे. दोघेही बरोबर. शिकणारा मात्र दुसऱ्या आठवड्यात हात आखडता घेतो. कोणती पद्धत चालवायची ते पहिल्या दिवसाआधी ठरवून यंत्रावर चिकटपट्टीने लिहावे. नंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तीच पाळावी.

वेळेचे गणित

अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक प्रकारच्या तपासणीत हात बसायला, तज्ज्ञाने पाहिलेल्या २५ ते ५० तपासण्या लागतात. आता दहा डॉक्टर आणि चार प्रकार धरा. किमान २५ धरल्या तरी हजार तपासण्या होतात. एका यंत्रावर दिवसाला दहा झाल्या तर शंभर कामाचे दिवस. दोन आठवड्यांच्या शिबिरात हे बसत नाही, कितीही उत्साही शिक्षक असला तरी. रवांडातला टप्पा नऊ आठवड्यांचा होता. व्याख्याने आणि वॉर्डातला सराव एकत्र, आणि त्यानंतरची पडताळणी वेगळी.

दोनच आठवडे हाताशी असतील तर दहा जणांना शिकवू नये. दोन जण निवडावेत, आणि प्रकारही दोनच. निवडताना विभागप्रमुखापेक्षा रोज वॉर्डात असणारा, वर्षभरात बदली न होणारा माणूस पाहावा. शासकीय जिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षण बुडवणारी सर्वांत मोठी गोष्ट यंत्राचा बिघाड नसून बदली असते. परिचारिका आणि क्लिनिकल अधिकारी (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासणारे कर्मचारी) डॉक्टरांपेक्षा जास्त काळ एका जागी टिकतात. त्यांना वगळणे परवडत नाही. सरावात एका यंत्रामागे तीनपेक्षा जास्त जण नकोत, आणि शिक्षकाचे हात पाठीमागे. चित्र बिघडले की शिक्षकाने प्रोब स्वतःच्या हातात घ्यायचा मोह होतो; तो टाळून ‘शेपूट (प्रोबचे वायरकडचे टोक) खाली कर’, ‘अंगठ्याएवढे डावीकडे सरक’ असे तोंडाने सांगावे.

यंत्र, वीज, जेल

यंत्र निवडताना चित्राच्या सौंदर्यापेक्षा दुरुस्ती कोण करणार हे आधी विचारावे. पोट आणि प्रसूतीसाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब, रक्तवाहिन्या आणि वरवरच्या भागांसाठी सरळ प्रोब, हृदयासाठी लहान तोंडाचा प्रोब. पैसे एकाच प्रोबपुरते असतील तर वक्र घ्यावा, त्याने हृदयही कामापुरते दिसते. प्रोब फरशीवर पडला तर आतले, ध्वनिलहरी सोडणारे स्फटिक मरतात आणि पडद्यावर वरून खाली काळी पट्टी कायमची येते. ती पट्टी सावली समजून कोणी खडा म्हणून लिहू नये, यासाठी दर सोमवारी जेल न लावता हवेत चित्र घेऊन तपासावे. वेष्टनाला तडा गेलेला प्रोब रुग्णाला लावायचा नाही. वीज उतरू शकते.

विजेचा दाब खालीवर होणाऱ्या ठिकाणी स्टॅबिलायझर आणि यूपीएस हे यंत्राचेच भाग समजून खर्चात धरावेत. २०१७ मध्ये मंजुरी मिळालेल्या ‘बटरफ्लाय आयक्यू’पासून स्फटिकांऐवजी सिलिकॉन चिपवर चालणारी, फोनला जोडायची यंत्रे सुमारे दोन हजार डॉलरपासून मिळू लागली. त्यांना यूपीएस लागत नाही, पण वार्षिक वर्गणी लागते. शिवाय उष्ण वॉर्डात सलग वापरली की ती तापून थांबतात, आणि फोन चोरीला गेला की सगळेच थांबते. देणगीत यंत्र घेताना दुसऱ्या वर्षाची वर्गणी कोण भरणार हे कागदावर घ्यावे.

जेल संपणे ही किरकोळ वाटणारी, पण काम थांबवणारी गोष्ट. एक भाग कॉर्नस्टार्च आणि दहा भाग पाणी ढवळत शिजवून, पूर्ण थंड करून वापरता येते. ते एक-दोन दिवसांत नासते, म्हणून रोजचे रोज करावे. सुई घालताना किंवा जखमेवर ते वापरायचे नाही. प्रोब पुसायला स्पिरिट हाताशी असते, म्हणून तेच वापरले जाते. पण कितीतरी प्रोबांच्या तोंडावरचे रबर त्याने कोरडे पडून चिरते. कंपनीच्या पुस्तिकेतले पान काढून यंत्राला बांधून ठेवावे.

नोंदीचा कागद

रवांडात प्रत्येक तपासणीसाठी एक कागद भरला गेला, आणि त्यावरूनच ४३ टक्क्यांचा आकडा निघाला. असा कागद दुसरीकडे करायचा तर त्यात या गोष्टी हव्यात: वय, लिंग, कोणत्या प्रश्नासाठी तपासणी, प्रोब लावण्याआधीची योजना, काय दिसले, किती खात्री, नंतरची योजना. आधीची योजना प्रोब उचलण्याआधीच लिहून व्हायला हवी. नंतर भरली तर माणूस नकळत ‘हे मला आधीच वाटले होते’ असे लिहितो आणि तुलना बाद होते.

शिक्षक गेल्यावरच्या तपासण्यांची पडताळणी अमेरिकेतल्या, अल्ट्रासाउंडचे खास प्रशिक्षण घेतलेल्या आपत्कालीन डॉक्टरकडून झाली. स्थानिक डॉक्टरने काय निष्कर्ष काढला ते तिथे झाकलेले होते. दोघांचा निष्कर्ष ९६ टक्के वेळा जुळला. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण तो काय सांगत नाही हेही पाहायला हवे. पडताळणारा फक्त जपलेले चित्र पाहतो. प्रोब जिथे गेलाच नाही, तिथले त्याला कळत नाही. तसेच योजना बदलणे म्हणजे रुग्ण वाचणे नव्हे. यासाठी नेहमीच्या कामात तीन गोष्टी जोडाव्यात. स्थिर चित्राऐवजी सहा सेकंदांची चित्रफीत जपायची. ‘काही नाही’ असा निष्कर्ष असलेल्या तपासण्यांतूनही दर आठवड्याला काही उचलून पाहायच्या. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत प्रत्यक्षात काय सापडले ते त्याच कागदावर परत आणून लिहायचे. हा शेवटचा उद्योग कंटाळवाणा असतो, पण शिकणाऱ्याला खरा धडा त्यातूनच मिळतो.

उत्तर परत येण्याचा वेगही महत्त्वाचा. चित्र पाठवले आणि महिन्याने शेरा आला, तर तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली वेळ, रुग्णाचे नाव काढून टाकलेली चित्रे आणि दोन्ही बाजूंनी पाळलेली शिस्त, एवढे असेल तर वर्षभर काम चालते.

फिजिशियनची कारकीर्द या कामात कशी बसते

अमेरिकेत फक्त दाखल रुग्ण पाहणाऱ्या फिजिशियनला ‘हॉस्पिटलिस्ट’ म्हणतात. वाक्टर आणि गोल्डमन यांनी १९९६ च्या लेखात हे नाव रूढ केले. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी असा त्यांचा नेहमीचा क्रम असतो. सहकाऱ्यांशी आठवडे अदलाबदल केले की तीन-चार आठवड्यांचा सलग तुकडा मिळतो. ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरला हे जमत नाही, म्हणून जागतिक आरोग्यात हॉस्पिटलिस्ट बरेच दिसतात, त्यांत भारतातून गेलेलेही. पण सुट्टीतून केलेले काम सुट्टीएवढेच राहते. पगार पाहिलेल्या रुग्णांच्या मोजणीवर ठरत असेल, तर परक्या देशातल्या चित्रांना शेरे देण्याचे तास कुठेच धरले जात नाहीत. ज्यांना दहा वर्षे हे करायचे आहे त्यांनी करारातच वेळ कमी करून घ्यावी आणि दूरच्या पडताळणीचे तास त्यात लिहून घ्यावेत.

स्वतःची पात्रता दाखवण्याचा रस्ता आता बराच मोकळा आहे. हॉस्पिटलिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०२१ मध्ये (अचानक दम लागलेल्या रुग्णांपुरती) खाटेजवळच्या सोनोग्राफीबद्दल अधिकृत भूमिका मांडली. जपलेल्या, तपासून घेतलेल्या चित्रांचा संग्रह ही त्यातली खरी शिदोरी. उष्णकटिबंधातल्या आजारांचा लंडन, लिव्हरपूल किंवा लिमा इथला अभ्यासक्रम उपयोगी पडतो, कारण सोनोग्राफी येते आणि मलेरिया ओळखता येत नाही, असा शिक्षक वॉर्डात टिकत नाही. जिथे शिकवायचे तिथल्या वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना हवा. रवांडातही तो लागतो. ‘मी फक्त शिकवतो आहे’ ही सबब चालू नये, कारण प्रोब खऱ्या रुग्णावर असतो.

रवांडाने स्वतः २०१२ मध्ये सात वर्षांचा मनुष्यबळ कार्यक्रम आखला, तेव्हा परदेशी प्राध्यापकाला रवांडाच्या जोडीदाराशी बांधून ठेवले. आमच्या मते पाहुण्याची कारकीर्द मोजायची ती या जोडीदारावरून: तो आता इतरांना शिकवतो का, चित्रांची पडताळणी करतो का, त्या तासांचा पगार त्याला मिळतो का, आणि लेखावर त्याचे नाव आहे का. २००९ च्या अहवालाच्या लेखकांत रवांडाचे डॉक्टर आहेत.

महाराष्ट्रात हे करायचे तर

परदेशात स्थिरावलेल्या मराठी डॉक्टरला साहजिकच वाटते, की असेच शिबिर आपल्या तालुक्याच्या गावी घ्यावे आणि खिशात मावणारे यंत्र सोबत न्यावे. इथे थांबावे लागते. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ चा कायदा त्यानंतर आला. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही फुफ्फुस पाहता की गर्भ, याला महत्त्व नाही. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे यंत्र म्हटले की ते नियमांत आले. फिरते यंत्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार दोनच प्रकारे वापरता येते: नोंदणी झालेल्या आवारात दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकताही येत नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कागदपत्रांतल्या त्रुटींवरची कडक भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये कायम ठेवली.

हा कायदा अडथळा म्हणून नव्हे, तर मुलींच्या जिवासाठी आहे, हे शिबिर घेणाऱ्याने मनापासून मान्य करावे आणि आखणी त्याच्या आत बसवावी. परदेशातून यंत्र आणायचे नाही. ज्या रुग्णालयात यंत्र आधीपासून नोंदलेले आहे तिथेच, त्याच यंत्रावर, दाखल रुग्णांवर शिकवायचे. यंत्र कोण वापरणार आहे आणि त्याची पात्रता काय, हे समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला) आधी लेखी कळवायचे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत तारीख ठरवायची नाही. गर्भवतीच्या तपासणीसाठी २०१४ च्या नियमांतले सहा महिन्यांचे प्रशिक्षण वेगळे आहे, तेव्हा रवांडातला प्रसूतीचा भाग इथे शिबिरातून वगळावा लागतो. उरतात हृदय, फुफ्फुस, पोटातले पाणी, पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ आणि सुईचे मार्गदर्शन. त्यातही वॉर्डात गर्भवती असेल तर तिच्यावर सराव नाही, आणि निदानासाठी तिची तपासणी खरोखर लागली, तर ती नोंदलेल्या सोनोलॉजिस्टने करायची, गर्भवतीच्या तपासणीसाठी कायद्याने ठरवलेला फॉर्म ‘एफ’ भरून.